विश्लेषण : ६४.५ मिलिमीटर पाऊस ‘मध्यम’ की ‘मुसळधार’? आकड्यांचे गट कसे पडतात आणि कुठे चुकतात?

पावसाळा सुरू झाला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांच्या मोबाइलवर रोज एक शब्द येऊन पडतो : मध्यम, मुसळधार, अतिमुसळधार. या शब्दावर लोकलने निघायचे की घरी थांबायचे हे ठरते, शाळांच्या सुट्टीचा निर्णय होतो, पालिकेचे पंप आणि कर्मचारी कुठे उभे करायचे याचे नियोजन होते. पण पर्जन्यमापकात शब्द पडत नाही, मिलिमीटर पडतात. आकड्याचा शब्द होताना मधे एक सीमारेषा आखलेली असते. ती कोणी आखली आणि रेषेवर नेमका पडलेला आकडा कोणत्या बाजूला गेला, हे मात्र कुठेच छापले जात नाही. संगणकावर हे काम करणाऱ्या साध्या आज्ञेतही या रेषेवरचे आकडे चुकीच्या गटात जाऊ शकतात, काही तर पूर्णपणे गायब होऊ शकतात. त्याविषयी…

पावसाच्या श्रेणी नेमक्या काय आहेत?

भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार २४ तासांत २.५ ते १५.५ मिमी पाऊस हलका, १५.६ ते ६४.४ मिमी मध्यम, ६४.५ ते ११५.५ मिमी मुसळधार आणि ११५.६ ते २०४.४ मिमी अतिमुसळधार मानला जातो. २०४.५ मिमी आणि त्यापुढचा सर्व पाऊस अत्यंत मुसळधार या एकाच श्रेणीत जातो. पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा देताना या श्रेणींचा आधार घेतला जातो.

या रेषा निसर्गाने आखलेल्या नाहीत. पूर्वीच्या वर्गीकरणात १२४.४ मिमीपर्यंतचा पाऊस मुसळधार होता आणि अत्यंत मुसळधार श्रेणी २४४.५ मिमीपासून सुरू होत असे. नंतर या सीमा खाली आणण्यात आल्या. म्हणजे १२० मिमी पावसाचा जो दिवस जुन्या नोंदीत ‘मुसळधार’ आहे, तोच आजच्या मापाने ‘अतिमुसळधार’ ठरतो. जुन्या बातम्यांतील शब्द मोजून ‘आता अतिमुसळधार दिवस वाढले’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्यातील काही वाढ ढगांतून आलेली नसेल, केवळ रेषा सरकल्यामुळे दिसत असेल. मिलिमीटर जपून ठेवलेले असतील तर जुने दिवस नव्या रेषेने पुन्हा मोजता येतात. फक्त शब्द जपलेला असेल तर ती वाट कायमची बंद होते.

संगणक हे गट कसे पाडतो?

एका केंद्राच्या दहा वर्षांच्या नोंदी म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक आकडे. त्यांचे गट हाताने पाडणे शक्य नाही. अशा कामासाठी ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठी बनवलेली संगणकीय भाषा जगभर वापरली जाते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती विकसित केली. ती मोफत आहे आणि विद्यापीठांपासून सरकारी संशोधन संस्थांपर्यंत वापरात आहे.

‘आर’मध्ये आकड्यांचे गट पाडण्यासाठी ‘कट’ नावाचे फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : आकडे, सीमा आणि गटांची नावे. पावसासाठी सीमा ०, २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५ अशा दिल्या की प्रत्येक दिवसापुढे त्याच्या श्रेणीचे नाव लागते. पुढे ‘टेबल’ ही आज्ञा दिली की कोणत्या श्रेणीत किती दिवस, याचा तक्ता तयार. काम दोन ओळींचे आणि काही क्षणांचे. इतके सोपे असल्यामुळेच त्यातील गफलत लक्षात येत नाही.

रेषेवरचा आकडा कोणाचा?

‘कट’ला वेगळे काही सांगितले नाही, तर प्रत्येक गटाची वरची सीमा त्या गटात धरली जाते आणि खालची सीमा वगळली जाते. म्हणजे १५.६ ते ६४.५ या गटात ६४.५ हा आकडा बसतो, पण १५.६ बसत नाही. हवामान विभागाचा नियम नेमका उलटा आहे. तिथे ६४.५ पासून मुसळधार पाऊस सुरू होतो.

परिणाम असा, की बरोबर ६४.५ मिमी पावसाचा दिवस संगणकाच्या तक्त्यात ‘मध्यम’ होतो. ११५.६ मिमीचा दिवस ‘अतिमुसळधार’ऐवजी ‘मुसळधार’ होतो आणि २०४.५ मिमीचा दिवस ‘अत्यंत मुसळधार’ श्रेणीतून खाली घसरतो. रेषेवरचा प्रत्येक दिवस एक पायरी खाली जातो. चूक दोन्ही बाजूंनी झाली असती तर ती काही अंशी भरून निघाली असती. इथे ती एकाच दिशेने होते आणि ती दिशा धोका कमी दाखवण्याची आहे.

उपाय एका शब्दाचा आहे. या फंक्शनमध्ये ‘राइट’ नावाचा पर्याय असतो. त्याला ‘फॉल्स’ असे सांगितले की खालची सीमा गटात येते आणि तक्ता हवामान विभागाच्या नियमाशी जुळतो. पायथन भाषेतील ‘पांडाज’ या लोकप्रिय साधनातही ‘कट’ नावाचेच फंक्शन आहे आणि तेही मुळात वरचीच सीमा गटात धरते. त्यामुळे भाषा बदलली तरी हा प्रश्न सुटत नाही.

दिवसच गायब कसे होतात?

याहून गंभीर गफलत टोकांना होते. पहिली सीमा ० दिली आणि खालची सीमा वगळली गेली, तर ० मिमीचा कोरडा दिवस कोणत्याच गटात बसत नाही. संगणक त्याच्यापुढे ‘नोंद उपलब्ध नाही’ अशा अर्थाची खूण करतो. पाऊस पडला नाही ही पक्की माहिती असतानाही ती ‘माहिती नाही’ अशी नोंदवली जाते.

दुसरे टोक अधिक धोक्याचे. एखाद्याने अंदाजाने वरची शेवटची सीमा ३०० मिमी दिली, तर त्यापलीकडचा प्रत्येक दिवस असाच गटाबाहेर फेकला जातो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिमीची नोंद झाली. त्या पुराचा फटका ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि उल्हास नदीकाठच्या वस्त्यांनाही बसला होता. ३०० मिमीवर थांबलेल्या तक्त्यात हा दिवस सापडणार नाही. जो दिवस समजून घेण्यासाठी एवढा खटाटोप, नेमका तोच वगळला जातो.

त्यात ‘टेबल’ ही आज्ञा अशा गटाबाहेरच्या नोंदी मुळात मोजतच नाही. तक्ता स्वच्छ दिसतो, कुठेही लाल अक्षरात इशारा येत नाही. म्हणून वरच्या टोकाला ‘अनंत’ ही सीमा द्यावी लागते आणि तक्त्यातील दिवसांची बेरीज मूळ नोंदींच्या संख्येशी ताडून पाहावी लागते. ३६५ दिवसांच्या तक्त्याची बेरीज २०० भरली, तर उरलेले दिवस कुठे गेले हे विचारलेच पाहिजे.

लेबलवर छापलेली सीमा तरी खरी असते का?

नेहमीच नाही. गटांना नावे दिली नाहीत तर ‘कट’ स्वतःच सीमांचे आकडे लेबल म्हणून छापतो. मात्र छापताना तो शक्यतो तीनच सार्थ अंक ठेवतो. त्यामुळे ११५.६ ही सीमा लेबलवर ११६ अशी दिसते. प्रत्यक्ष विभागणी ११५.६ वरच झालेली असते. तक्ता वाचणाऱ्याला मात्र ११५.८ मिमीचा दिवस मुसळधार गटात गेला असावा असे वाटते, तो गेलेला असतो अतिमुसळधार गटात. अंकांची संख्या वाढवण्याचा पर्याय या फंक्शनमध्ये आहे. तो वापरला नाही तर सरकारी अहवालात चुकीची सीमा छापली जाऊ शकते, आणि हिशेब बरोबर असूनही तसे होऊ शकते.

समान भाग केले तर वाद मिटेल?

सीमा ठरवण्याचा त्रास नको म्हणून ‘पाच गट कर’ एवढेच सांगण्याची सोयही आहे. मग संगणक सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांतील अंतराचे पाच समान भाग करतो. सांताक्रूझच्या ०पासून ९४४ मिमीपर्यंतच्या नोंदींना हे लावले तर प्रत्येक गट सुमारे १८९ मिमी रुंदीचा होतो. कोरडा दिवस, लोकल उशिरा धावल्या तो दिवस आणि घरात पाणी शिरले तो दिवस, तिन्ही पहिल्याच गटात. एका असामान्य दिवसाने बाकी सगळ्या दिवसांतील फरक पुसून टाकला.

दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक गटात समान संख्येने दिवस बसतील अशा सीमा घेणे. इथे अडचण वेगळी आहे. सर्वांत ओल्या २० टक्के दिवसांना ‘तीव्र’ म्हणायचे ठरवले, तर दुष्काळी वर्षातही २० टक्के दिवस तीव्रच ठरतील. अशी श्रेणी एका वर्षातील दिवसांची आपसांत तुलना करते. नाला किती पाणी वाहून नेऊ शकतो, याच्याशी तिचा संबंध नसतो. थोडक्यात, सीमा आपोआप निघत नाही. ती कोणीतरी, कशासाठी तरी निवडावीच लागते.

सकाळचे साडेआठ इतके महत्त्वाचे का?

आकड्यांचे गट पाडण्याआधी एक कात्री आणखी चाललेली असते, ती म्हणजे वेळेची. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजला जातो. समजा, डोंबिवलीत पहाटेपासून ८.३० पर्यंत ६० मिमी पाऊस झाला आणि नंतर दुपारपर्यंत आणखी ६० मिमी. रहिवाशांसाठी ही सलग १२० मिमीची सर. नोंदीत मात्र ६०-६० मिमीचे दोन दिवस आणि दोन्ही ‘मध्यम’. नांदिवलीच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना तक्त्यात एकही मुसळधार दिवस नसू शकतो. यात कोणी लबाडी केलेली नसते, फक्त वेळेची रेषा सरीच्या मधोमध पडलेली असते. म्हणूनच पूरनियंत्रणासाठी दिवसाच्या बेरजेबरोबर तासागणिक आकडेही लागतात.

रेषेच्या अलीकडे-पलीकडे काय बदलते?

इथे दोन प्रकारच्या रेषांमध्ये फरक करायला हवा. महावितरणच्या घरगुती वीजदराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. १०१वे युनिट वापरले म्हणून आधीच्या १०० युनिटना वाढीव दर लागत नाही, फक्त त्या पुढच्या युनिटला लागतो. ही पायरी आहे. चढताना धाप लागते, पण कोणी कोसळत नाही.

शेतीच्या नुकसानभरपाईतील रेषा मात्र कड्यासारखी आहे. राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी पाऊस हा अतिवृष्टीचा निकष वापरला जातो आणि मदतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान होणे आवश्यक असते. ही मर्यादा २०१५ पर्यंत ५० टक्के होती. इमारतींनी वेढलेल्या कल्याण तालुक्यात, तसेच शेजारच्या मुरबाड, शहापूर, भिवंडीत आजही भातशेती होते. तिथे ३३ टक्के आणि ३२ टक्के यांतील फरक एका टक्क्याचा नसतो. मदत मिळणे आणि काहीही न मिळणे इतका तो मोठा असतो. ‘६५ पेक्षा जास्त’ आणि ‘६५ किंवा त्याहून जास्त’ या शब्दांतील अंतरही बांधावर उभ्या शेतकऱ्यासाठी तितकेच मोठे आहे. शिवाय संपूर्ण मंडळासाठी पर्जन्यमापक ठरावीक ठिकाणी असतो. ढगफुटीसारखा पाऊस पलीकडच्या गावात झाला, तर मापकाला तो दिसत नाही.

वीजबिलासारख्या पायरीवर संगणकाची किरकोळ चूक चालून जाईल. कड्यावर तीच चूक एखाद्या घराचे वर्ष बुडवू शकते.

एकच शहर, पण वर्ग वेगवेगळे कसे?

वर्ग फक्त रेषेवर अवलंबून नसतो, आकडा कशाचा घेतला यावरही असतो. २०११च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाड्यासाठी ५० लाखांवरील शहरे ‘एक्स’, ५ ते ५० लाखांची ‘वाय’ आणि त्याखालील ‘झेड’ वर्गात येतात. निव्वळ शहराचा आकडा धरला तर ही दोन्ही शहरे ‘वाय’ ठरली असती. पण आकडा बृहन्मुंबई नागरी समूहाचा धरला जातो आणि तो १ कोटी ८० लाखांहून अधिक आहे. म्हणून दोन्ही ‘एक्स’ वर्गात आहेत. जानेवारी २०२४ पासून ‘एक्स’ वर्गाला मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि ‘वाय’ला २० टक्के घरभाडे भत्ता आहे. राज्य सरकारच्या महापालिका वर्गवारीत मात्र ठाणे ‘ब’ आणि कल्याण-डोंबिवली ‘क’ वर्गात मोडते. शहरे तीच, माणसेही तीच, फक्त मोजण्याची चौकट वेगळी.

हवेच्या बाबतीतही असेच होते का?

होय. औद्योगिक वसाहतीला खेटून राहणाऱ्या डोंबिवलीकरांना हवेच्या श्रेणीचे शब्द पावसाइतकेच परिचित आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात २४ तासांच्या सरासरीत पीएम २.५ कणांचे प्रमाण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर हवा ‘चांगली’ आणि ३१ ते ६० असेल तर ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली २४ तासांची मार्गदर्शक मर्यादा १५ आहे. म्हणजे २५ मायक्रोग्रॅमची हवा इथल्या फलकावर हिरवी दिसते आणि जागतिक मर्यादेच्या मात्र ती पलीकडे असते.

शिवाय ३० आणि ३१ यांच्यामध्ये काय? सरासरी काढली की ३०.४ असा आकडा सहज येतो. तो आधी पूर्णांकात आणायचा की तसाच कापायचा, हे ठरवल्याशिवाय ‘कट’ चालवले तर तक्ता तयार होतो, पण तो कोणत्या नियमाने झाला हे कळत नाही.

मग श्रेणी टाकूनच द्यायच्या का?

नाही. पहाटे साडेपाचला लोकल पकडणाऱ्याला १३७.२ मिमी या आकड्याने काही सांगितले जात नाही, ‘अतिमुसळधार’ या शब्दाने सांगितले जाते. लाल इशारा आला की काय करायचे, हे आता शाळेतल्या मुलालाही कळते. श्रेणीचे काम निर्णय सोपा करण्याचे आहे आणि ते ती चांगले करते. आक्षेप आहे तो श्रेणी देताना आकडा लपवण्याला.

शेवटची श्रेणी सर्वांत जास्त लपवते. २०५ मिमी आणि ९४४ मिमी दोन्ही ‘अत्यंत मुसळधार’. २६ जुलै २००५ रोजी कुलाब्यात सुमारे ७४ मिमी पाऊस झाला, तोही ‘मुसळधार’ होताच. त्या दिवशी मुंबईसाठी एकच शब्द वापरला असता, तर तो कुलाबा आणि सांताक्रूझ यांपैकी एकाला तरी लागू पडला नसता. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा वेळी नदीची पातळी कुठे आणि किती वेगाने वाढते आहे, हे शब्दातून कळत नाही. त्यासाठी आकडाच लागतो.

काय करायला हवे?

महापालिका आयुक्तांनी दरवर्षी पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल महासभेपुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपत्ती व्यवस्थापन कक्षही पावसाळ्यात रोज पावसाची माहिती देतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही पालिकांनी या माहितीत चार गोष्टी जोडाव्यात. एक, प्रत्येक श्रेणीशेजारी तिच्या सीमा आणि रेषेवरचा आकडा कोणत्या गटात धरला ते लिहावे. दोन, गटांत न बसलेल्या आणि खरोखर नोंदच नसलेल्या दिवसांची संख्या वेगवेगळी द्यावी. तीन, मूळ आकडे केंद्रनिहाय आणि शक्य तिथे तासागणिक उतरवून घेता येतील असे ठेवावेत. चार, सीमा बदलल्यास जुनी वर्षेही नव्या सीमेने पुन्हा मोजून दाखवावीत.

यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, निविदाही काढावी लागत नाही. ‘कट’ची ओळ लिहिणाऱ्याने जो पर्याय निवडला तो तक्त्याखाली एका वाक्यात लिहायचा आहे. ‘६४.५ मिमी मुसळधारमध्ये धरले आहे. गटाबाहेर राहिलेल्या नोंदी : शून्य.’ एवढे वाक्य असले तरी वंदना टॉकीज परिसरात दरवर्षी पाणी उपसणारा दुकानदार किंवा कल्याण तालुक्यातील शेतकरी स्वतःच्या दिवसाचा आकडा त्या तक्त्याशी ताडून पाहू शकेल.